स्वस्तातली बाराबोर आणि तिचा खरा खर्च

बंदुकीच्या दुकानात जाऊन "स्वस्तातली बाराबोर कितीला पडेल?" असं विचारलं की दुकानदार बंदुकीची किंमत सांगतो. पण तळकोकणातला काजू-बागायतदार किंवा भातशेतीवाला कागद-पेन्सिल घेऊन बसला, तर बंदूक हा त्या हिशेबातला एकच आकडा निघतो. परवान्याची फी, त्यापायी तालुक्याच्या नि जिल्ह्याच्या गावी होणाऱ्या खेपा, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण, वैद्यकीय दाखला, भिंतीत बसवलेलं लोखंडी कपाट, काडतुसं, तेल, दुरुस्ती आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण, हे सगळं वर येतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: बंदुकीवर बेताचा, कपाटावर सढळ आणि काडतुसावर डोळसपणे खर्च करावा. आपल्याकडे बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

त्याहीआधी एक गैरसमज दूर करायला हवा. शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळाला म्हणजे शेतात आलेलं डुक्कर मारायला मोकळीक मिळाली, असं नाही. बंदूक बाळगायची परवानगी शस्त्र कायद्याखाली मिळते आणि जनावर मारायची परवानगी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली. दोन्ही वेगळ्या, दोन्हींची कार्यालयंही वेगळी. रानडुक्कर 2022च्या दुरुस्तीनंतर त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर वनखातं लेखी परवानगी देऊ शकतं आणि महाराष्ट्रात हे अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणलेले आहेत. अशा परवानगीने मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता ठरतं, त्याचे वाटे घालता येत नाहीत. गवा आणि दोडामार्गाकडे येणारे हत्ती पहिल्या अनुसूचीतले. त्यांच्या दिशेने नळी वळवायचीसुद्धा नाही. तेव्हा मुख्य त्रास गव्यांचा किंवा वानरांचा असेल, तर बंदूक घेऊन तुमच्या पैशाचं चीज होणार नाही. कुंपण, राखण आणि नुकसानभरपाईचा अर्ज यांवरच तो खर्च करा.

डुकरांचाच उपद्रव आहे आणि बंदूक घ्यायचीच आहे, असं ठरलं तर परवान्यापासून सुरुवात करावी. 1959च्या शस्त्र कायद्यातलं तेरावं कलम शेतकऱ्याच्या बऱ्यापैकी बाजूचं आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, किंवा स्वसंरक्षण आणि खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक, यांचा परवाना योग्य कारण असेल तर द्यावा, असा त्याचा रोख आहे. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही हे अधिकाऱ्याला पटवून दिलं तर पिकासाठी काडतुसाची बंदूकही मंजूर होऊ शकते. म्हणून अर्जात "शेतीसंरक्षणाकरिता" एवढं एकच वाक्य लिहून थांबू नका. सातबारा, पिकाची नोंद, नुकसानीचे पंचनामे, वनखात्याकडे आधी केलेले अर्ज, सगळं जोडा. वय एकवीस पूर्ण हवं. जिल्ह्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे. पोलीस चौकशीचा अहवाल येईपर्यंत धीर धरावा लागतो. मधल्या काळात "मी करून देतो" म्हणणारा कोणी भेटलाच तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

नाकारलेल्या परवान्यावर अपील करता येतं. बिनपरवाना बंदुकीला मात्र तोड नाही. गावठी ठासणीची बंदूक "फक्त आवाजापुरती" म्हणून माळ्यावर ठेवणारे अजून आहेत. 2019च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्यास दोन ते पाच वर्षांची कैद आहे. शिवाय ती नळी कोणी, कसल्या पाइपाची बनवली याचा पत्ता नसतो. ती फुटते तेव्हा मारणाऱ्याचाच हात जातो.

आता सगळ्यात स्वस्त बंदूक कोणती? जी घरात आधीपासून आहे ती. 2016च्या शस्त्र नियमांत याची सोय आहे. परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षं पूर्ण केली किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षं झाली, यांतलं जे आधी घडेल तेव्हा तो हयातीतच आपली बंदूक मुलाच्या, सुनेच्या, जावयाच्या किंवा अशाच वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज देऊ शकतो. वारसाला स्वतःचा परवाना मिळवावाच लागतो, पण बंदुकीचे पैसे वाचतात. आजोबा गेल्यावर मात्र ती बंदूक "नंतर बघू" म्हणून कपाटात ठेवता येत नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची आणि मग वारसाचा अर्ज करायचा.

वारशाची बंदूक नसेल तर बाजारात चार वाटा आहेत. ठासणीची बंदूक सगळ्यात स्वस्त, पण कोकणातल्या पावसात दारू सादळते, केप ओली होते आणि एका बारानंतर पुन्हा दारू, चिंध्या, छरे ठासत बसावं लागतं. दुसरी काडतुसाची एकनळी. बिहारातल्या मुंगेरला खाजगी कारखान्यांत बनलेल्या एकनळ्या नि दुनळ्या बंदुका वर्षानुवर्षं देशभर विकल्या जातात, त्या परवडतात. तिसरी सरकारी कारखान्यातली. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची पंप-ॲक्शन बाराबोर ठाऊक असलेले पुष्कळ आहेत. दणकट आहे, पण शेतकऱ्याला एका मागोमाग चार-पाच बार काढायची वेळ सहसा येत नाही आणि जितके भाग जास्त तितकी साफसफाई जास्त. चौथी वाट जुनी इंग्लिश दुनळी. 1980च्या दशकात खाजगी वापराच्या बंदुकांची आयात जवळपास थांबल्यापासून या बंदुकांना हौशी लोकांनी सोन्याचा भाव आणला आहे. त्यांच्या नादाला लागू नका.

माझा कौल चांगल्या स्थितीतल्या, वापरलेल्या, देशी बनावटीच्या बिनघोड्याच्या दुनळीला. दुसरा बार हाताशी राहतो, यंत्रणा सोपी आणि मोडून दोन तुकडे केले की कपाटात नीट बसते. तेवढं जमत नसेल तर एकनळी घ्या, कमीपणा काही नाही.

जुनी बंदूक घेताना घाई करू नका. हातात आली की आधी उघडा आणि दोन्ही घरं रिकामी असल्याची बोट घालून खात्री करा. नळ्या सोडवून घ्या आणि खिडकीकडे धरून मागून आरपार पाहा. आतली बाजू लख्ख हवी आणि उजेडाची वर्तुळं एकात एक, न मोडता तोंडापर्यंत जायला हवीत. काळे ठिपके दिसले तर ते गंजाने खाल्लेले खड्डे. तोंडाकडे थोडे, उथळ असतील तर भाव पाडायला कामी येतील. काडतूस बसतं त्या घराच्या पुढच्या वीतभर भागात असतील तर बंदूक परत द्या, कारण बार उडताना सगळ्यात जास्त दाब तिथेच येतो. एखादं वर्तुळ वाकडं दिसलं तर तिथे पोचा आहे किंवा नळी फुगलेली आहे. डोळे मिटून बाहेरून बोटं फिरवा. फुगवटा बोटांना आधी कळतो. मग नळ्यांचा जोड दोरीने अधांतरी धरून नखाने टिचकी मारा. खणखणीत नाद आला तर दोन नळ्यांमधली पट्टी शाबूत आहे. बद्द आवाज आला तर झाळ कुठेतरी सुटली आहे.

पुन्हा जोडून, पुढचा लाकडी हात काढून, बंद बंदूक कानाजवळ हलवा. खडखडली तर बिजागरी झिजली. दोन्ही बाजूंचे आतले घोडे चढवून, सेफ्टी काढून, दस्त्याच्या बुडाला तळहाताने ठोका द्या. चाप न दाबता आतला घोडा पडला तर ती बंदूक धोक्याची. चाप ओढून पाहायचा असेल तर रिकाम्या घरात नको, डमी काडतुसं घाला, नाहीतर ठोकणीच्या पिना मोडतात. बनवणाऱ्याचं नाव, क्रमांक आणि चाचणीचा शिक्का स्पष्ट वाचता आला पाहिजे. क्रमांक घासून काढलेली बंदूक बाळगणं हाच गुन्हा आहे. नळी कापून आखूड केलेली असेल तरी तेच.

नळीच्या घराची लांबीसुद्धा विचारून घ्या. आजची काडतुसं बहुतेक 70 मिलिमीटरची, जुन्या बंदुकांची घरं अनेकदा 65 मिलिमीटरची. फसगत अशी होते की 70चं काडतूस 65च्या घरात आरामात बसतं. काडतुसाची लांबी बार उडून त्याचं तोंड उलगडल्यानंतरची मोजतात. उलगडायला जागा न मिळालेलं तोंड छऱ्यांची वाट आवळतं आणि दाब बेसुमार चढतो. नळ्यांवर लाटालाटांची नक्षी दिसली तर त्या जुन्या पद्धतीच्या, लोखंडाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या नळ्या; शोभेला सुंदर, आजच्या काडतुसाला अजिबात नाही. व्यवहार ठरला तरी खाजगी विक्रीत जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस जाऊ द्यावे लागतात. तेवढ्या मुदतीत एखाद्या जाणत्या बंदूक-कारागिराकडून ती तपासून घेता येते. त्याची मजुरी द्यायला कुरकुर करू नका.

काडतुसं फक्त परवानाधारक दुकानातून, परवाना दाखवून आणि नोंद करूनच घ्यायची. एका वेळी किती आणि वर्षाला किती, हे तुमच्या परवान्यावरच लिहिलेलं असतं. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली 'शक्तिमान' काडतुसं गावोगावच्या दुकानांत परिचयाची आहेत. छऱ्याचा आकडा जितका मोठा तितका छरा बारीक: सहा-आठ नंबर पक्ष्यांच्या नि खेळाच्या नेमबाजीसाठी, एलजी-एसजी मोठ्या जनावरासाठी. वनखात्याच्या परवानगीचा कागद हातात नसेल तर एलजी-एसजीचा साठा करून पैसा अडकवायचं कारण नाही. दुसऱ्याने घरी भरून दिलेली काडतुसं फुकट मिळाली तरी घेऊ नका. वीस बोअरचं काडतूस बाराबोरवाल्याच्या घरात चुकूनही असू नये. ते बाराच्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं, घर रिकामं दिसतं, माणूस मागे बाराचं घालतो आणि चाप ओढला की नळी फाटते.

सरावावर काडतुसं उडवणं बजेटात बसत नाही, ही तक्रार रास्त आहे. पण निम्मा सराव बिनखर्चाचा आहे. डमी काडतुसं घालून, घरातल्या मोकळ्या भिंतीकडे तोंड करून, बंदूक कमरेपासून खांद्याला आणायची. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट, गाल लाकडावर, दोन्ही डोळे उघडे. खांद्यात नि दस्त्यात बोटभर फट राहिली की धक्का दुप्पट लागतो. हलक्या एकनळीचा तर जास्तच. हे अंगवळणी पडल्यावर परवानगी असलेल्या नेमबाजीच्या रेंजवर जाऊन मोजके बार काढा आणि ते कागदावर काढा. मोठ्या कागदावर तीस इंच व्यासाचं वर्तुळ काढून चाळीस यार्डांवरून बार टाकला की आपल्या नळीचे छरे किती पसरतात ते कळतं. दुनळीच्या दोन नळ्यांचा पसारा वेगवेगळा असतो. पस्तीस-चाळीस मीटरच्या पुढे बाराबोरचा भरवसा धरू नये, हे कागद पाहिल्यावर कोणी वेगळं सांगावं लागत नाही. बागेत, बांधावर, समुद्रकिनाऱ्यावर सराव करायचा नाही. लग्नाच्या वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत हवेत बार काढला आणि कोणाच्या जिवाला धोका झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नेम पस्तीस मीटरचा असला तरी छरे तिथे थांबत नाहीत. सहा नंबरचा छरा दोनशे मीटरच्या आसपास जातो, एसजीचा पाचशेच्याही पुढे. कोकणात वाड्या एकमेकींना लागून, मधे दाट झाडी, पलीकडे कोणाचं खळं आहे ते दिसत नाही. त्यात कातळ. जांभ्यावर किंवा पाण्याने भरलेल्या खाचरावर आपटलेला छरा दिशा बदलून उडतो. म्हणून जनावराच्या मागे मातीचा उतार असल्याशिवाय चापावर बोट न्यायचं नाही. बॅटरीच्या झोतात चमकलेले दोन डोळे गाईचे असतील, कुत्र्याचे असतील. झुडूप हललं म्हणून बार टाकायचा आणि पलीकडे राखणीला बसलेला आपलाच माणूस निघायचा, अशा बातम्या कोकणातल्या वाचकाला नव्या नाहीत. गडगा ओलांडताना, साकवावरून जाताना, मचाणावर चढताना काडतुसं बाहेर आणि बंदूक उघडी. बरोबर दोघं असतील तर बंदूक एकाकडेच, आणि दुसरा त्याच्या मागे. दारू प्यायलेल्याच्या हातात ती त्या रात्री द्यायचीच नाही, मग तो परवानाधारक स्वतः असला तरी.

नळीचं तोंड चिखलात टेकलं असेल, असा नुसता संशय आला तरी आरपार पाहिल्याशिवाय बार काढू नका. बोटभर चिखलाचा बुच नळी फोडायला पुरतो. पावसाळाभर कोपऱ्यात उभी राहिलेली बंदूक तर हमखास पाहावी. कुंभारीण माशीला तेवढं भोक घर बांधायला आवडतं, आणि तिची माती वाळली की दगड होते.

देखभालीचं सामान शंभर प्रकारचं विकतात. लागतं एवढंच: नळीच्या मापाची सळई, तांब्या-पितळेचा ब्रश, जुन्या सुती साडीच्या चिंध्या आणि बंदुकीचं तेल. बार काढला त्याच रात्री नळी ब्रशने घासून, कोरड्या चिंधीने पुसून, तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा. खोबरेल वापरू नका, ते कालांतराने चिकट होऊन यंत्रणेत बसतं. मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत दर आठवड्याला एकदा पुसणं आवश्यक आहे, वापर झालेला असो वा नसो. कातडी म्यानात घालून महिनोन्महिने ठेवलेली बंदूक आतून गंजते, कारण कातडं दमट हवा धरून ठेवतं. म्यान फक्त नेण्या-आणण्यापुरतं. काडतुसं कोरड्या घट्ट डब्यात, वेगळ्या कुलपात. पितळी बुडावर हिरवट कळंक चढलेलं किंवा फुगलेलं काडतूस घरात ढकलायच्या भानगडीत न पडता विक्रेत्याकडे जमा करा.

कपाटाचा उल्लेख मी सुरुवातीलाच केला. बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी परवान्याच्या अर्जाबरोबर लिहून द्यावी लागते, आणि ती नुसती सही नाही. कपड्यांचं गोदरेज चालणार नाही. किल्ली सगळ्यांना ठाऊक असते आणि नातवंडं सुट्टीत येतात. भिंतीला आतून बोल्ट मारलेली अरुंद लोखंडी पेटी गावातला वेल्डिंगवाला करून देतो. नळ्या एका कप्प्यात, दस्ता दुसऱ्यात, किल्ली परवानाधारकाच्या गळ्यात किंवा कमरेला. चोरी झाली तर त्याच दिवशी पोलिसांत कळवा.

आणि बंदूक ज्याच्या नावावर आहे त्यानेच वापरायची. "बाबांचा परवाना आहे, मी राखणीला घेऊन जातो" हे घरात सरळ वाटतं, कायद्यात बसत नाही. बाबा आजारी असतील तर त्या रात्री बंदूक कपाटातच राहील. मुलाला जायचं असेल तर त्याचा वेगळा परवाना काढावा लागेल.

निवडणुका लागल्या की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात आणि नेमक्या काजूच्या किंवा भाताच्या दिवसांत शेतकऱ्याची पंचाईत होते. सरसकट सगळ्यांच्याच बंदुका काढून घ्याव्यात, असा मात्र नियम नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातल्या एका खटल्यातील निकालानंतर निवडणूक आयोगाने 2009 साली जिल्ह्यात छाननी समिती नेमून प्रत्येक परवान्याचा विचार करण्याची पद्धत घालून दिली. तुमच्यावर गुन्हा नाही, पीक उभं आहे, तर आदेशाची वाट न पाहता सूट मिळावी म्हणून समितीकडे लेखी अर्ज द्या. सूट नाही मिळाली तर बंदूक तेलपाणी करून, काडतुसांसकट जमा करा, पावतीवर क्रमांक बरोबर लिहिल्याची खात्री करा आणि निकाल लागल्यावर स्वतः जाऊन लवकर सोडवून आणा. ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत तिला कोणी तेल लावत बसत नाही.

परवान्याची मुदत पाच वर्षांची. संपण्याच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज गेला पाहिजे. मुदत उलटल्यावर तीच बंदूक बिनपरवान्याची ठरते. घरात एखादी असेल तर लेख बाजूला ठेवून आधी तिच्या परवान्यावरची तारीख वाचा.